पोर्तुगालचं साम्राज्य : सगळ्यात आधी आलं, सगळ्यात शेवटी गेलं. असं का?

नकाशेवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

दरवर्षी १९ डिसेंबर जवळ आला की गोवा मुक्तीवर एखादा धागा निघतो आणि दोन दिवसांत 'नेहरूंनी उशीर केला' विरुद्ध 'नेहरूंनी बरोबर केलं' असा त्याचा आखाडा होतो. यंदा जरा दुसऱ्या बाजूने सुरुवात करतो.

१९३४ साली पोर्तो शहरात वसाहतींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यासाठी एक नकाशा केला गेला. युरोपच्या नकाशावर अंगोला, मोझांबिक वगैरे मुलूख कापून चिकटवल्यासारखे बसवलेले. स्पेन, फ्रान्स, जर्मनी सगळं त्याखाली झाकलेलं. वर मथळा : पोर्तुगाल हा लहान देश नाही. तो करणारा होता सैन्यातला अधिकारी एन्रिके गाल्वांव.

गंमत पुढे आहे. हाच गाल्वांव १९४७ मध्ये अंगोलातल्या वेठबिगारीवर अहवाल लिहून लिस्बनच्या संसदेत सरकारला उघडं पाडतो, मग तुरुंगात जातो, तिथून निसटतो आणि जानेवारी १९६१ मध्ये 'सांता मारिया' हे पोर्तुगीज प्रवासी जहाज कॅरिबियन समुद्रात चक्क पळवतो. कशासाठी? तर सालाझारची हुकूमशाही जगाच्या डोळ्यांवर यावी म्हणून. साम्राज्याचं पोस्टर रंगवणाऱ्यानेच पहिला सुरुंग लावला.

आणि ते १९६१ साल लिस्बनला फारच वाईट गेलं. जानेवारीत अंगोलातल्या कासांजे भागात सक्तीच्या कापूस-लागवडीविरुद्ध शेतकरी उठले, त्यांच्यावर विमानांतून बाँब टाकले गेले. ४ फेब्रुवारीला लुआंडाच्या तुरुंगावर हल्ला. १५ मार्चला उत्तर अंगोलात कॉफीच्या मळ्यांवर हल्ले झाले, त्यात गोरे मेले आणि त्यांच्याकडे काम करणारे आफ्रिकीही. सूड म्हणून पोर्तुगीजांनी त्याहून कितीतरी जास्त माणसं मारली. एप्रिलमध्ये खुद्द संरक्षणमंत्र्याने सालाझारला हटवायचा प्रयत्न केला, तो फसला. ऑगस्टमध्ये दाहोमी या नव्या देशाने (आताचा बेनिन) किनाऱ्यावरचा अजुदाचा किल्ला घेतला. ही 'वसाहत' म्हणजे एक किल्ला आणि त्यात राहणारी दोनचार माणसं. तिथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्याला पेटवून निघा असा हुकूम होता, आणि त्याने तो पाळला.

आणि डिसेंबरात गोवा.

माझं म्हणणं इतकंच. गोवा मुक्ती म्हणजे १९४७ चं राहून गेलेलं शेपूट, असं आपण वाचतो. लिस्बनहून बघितलं तर ती एका वेगळ्याच रांगेत बसते : लुआंडा, गोवा, बिसाऊ, मोझांबिक, आणि शेवटी लिस्बन. ब्रिटन कर्जात बुडालं होतं, निघालं. फ्रान्स व्हिएतनाम आणि अल्जीरियात लढून, हात पोळून १९६२ पर्यंत निघालं. बेल्जियमने ३० जून १९६० ला काँगो घाईघाईत सोडला. त्या एका वर्षात आफ्रिकेत सतरा देश स्वतंत्र झाले. मग युरोपातला सगळ्यात गरीब मालक १९७४ पर्यंत का चिकटून बसला? बोला.

तेरेखोलपार

मस्त धागा! वाचनखूण साठवली आहे.

आमचं गाव सावंतवाडी तालुक्यात, हद्दीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. भारताने १९५४-५५ नंतर गोव्याची नाकेबंदी केली, रेल्वे बंद, बँका बंद, जाणं-येणं बंद. घरी आम्ही ऐकत आलो ते उलटंच : गोव्यात स्वस्ताई आणि आमच्याकडे टंचाई. सालाझारने हट्टाने हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, जपानचं सिमेंट आणून बाजार भरले. दाबोळीचा विमानतळ त्याच काळातला. खनिज लोखंड जपान-जर्मनीला जात होतं, त्यामुळे पैसा होता. रात्री डोंगरातून विदेशी घड्याळं, कापड आणि दारू इकडे यायची. आजोबा म्हणायचे की गावात कौलारू घरावर पहिला मजला चढला तो घड्याळांवर.

म्हणजे नाकेबंदीने पोर्तुगीज वाकले नाहीत, आमच्याकडचे काही लोक मात्र उभे राहिले.

शंकासूर

नेहमीप्रमाणे एकतर्फी धागा. पोर्तुगीजांनी काहीच बरं केलं नाही का? गोव्याचा समान नागरी कायदा आज सगळा देश कौतुकाने सांगतो, तो १८६७ च्या पोर्तुगीज संहितेतून आलाय. आणि अंगोलाला स्वातंत्र्य मिळून काय मिळालं? २००२ पर्यंत यादवी. मोझांबिकमध्ये १९९२ पर्यंत. साडेचारशे वर्षं ज्यांनी राज्य केलं त्यांना काहीतरी जमत असणारच ना.

अंत्रुजी

शंकासूर, ते साडेचारशे वर्षांचं आधी मिटवूया. मी फोंड्याचा. आमच्या अंत्रुज महालात पोर्तुगीज आले १७६३ मध्ये. डिचोली, सत्तरी, पेडणे त्याच्याही नंतर, १७८० च्या दशकात. १५१० पासूनचे ते फक्त तिसवाडीत. बार्देश आणि साष्टी १५४३ मध्ये त्यांच्याकडे गेली. बाटाबाटीच्या भीतीने साष्टी-तिसवाडीतले देव खाडी ओलांडून आमच्याकडे आले, ते का आले असते नाहीतर? मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा, सगळ्यांची मूळ गावं पलीकडे. आणि सत्तरीत राणे मंडळींनी बंडांमागून बंडं केली, १८५२ चं दीपाजी राण्यांचं, १८९५ चं दादा राण्यांचं. 'जमत' होतं ते हे असं.

आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकले, कचेरीत कारकून होते, पोर्तुगीज फर्मास बोलायचे. त्यांना त्या भाषेचा राग कधी नव्हता. राग होता तो एका गोष्टीचा : लग्नाची पत्रिका छापायची तरी मजकूर आधी सेन्सॉरकडे द्यावा लागायचा.

दप्तरखाना

एक मुद्दा सहसा कुणी काढत नाही म्हणून सविस्तर लिहिते. दादरा आणि नगर हवेली.

जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये हे दोन तुकडे स्वयंसेवकांनी घेतले. आझाद गोमंतक दल, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, संघाचे स्वयंसेवक, अशी सगळ्या रंगांची माणसं होती. सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे त्यात होते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. दमणहून तिथे कुमक पाठवायची तर मध्ये भारताची जमीन, आणि भारताने वाट दिली नाही. पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला : आम्हाला आमच्या प्रदेशात जायची वाट द्या.

खटल्याच्या मुळाशी काय होतं? १७७९ चा पुण्याचा तह. पेशव्यांनी पोर्तुगीजांना दमण भागातल्या गावांचा वर्षाला बारा हजार रुपयांचा वसूल लावून दिला होता. पोर्तुगाल म्हणे, मुलूखच दिला. भारत म्हणे, फक्त महसूल दिला, सरंजाम म्हणून, तोही मालकाच्या मर्जीपर्यंत. हेगमध्ये जगभरचे न्यायाधीश पेशवे दफ्तरातल्या कागदांच्या नकला आणि भाषांतरं चाळत बसले आहेत, हे चित्र मला फार आवडतं. भारतातर्फे तात्पुरते न्यायाधीश म्हणून बसले होते मुंबईचे एम. सी. छागला.

निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. तहाबाबत न्यायालयाने भारताचं मानलं : मराठ्यांनी दिला तो महसूल, सार्वभौमत्व नव्हे. पण पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचा ताबा मुकाट मान्य केला होता, त्यामुळे नागरिक, मुलकी अधिकारी आणि मालाला वाट होती. फौज, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांना नव्हती. आणि १९५४ मध्ये वाट अडवून भारताने काही मोडलं नाही. दोघांनीही घरी जाऊन आपणच जिंकलो म्हणावं असा निकाल.

त्यातही खुमासदार भाग म्हणजे १९५४ ते १९६१ ही सात वर्षं तो प्रदेश तसा पाहिला तर कुणाचाच नव्हता. 'वरिष्ठ पंचायत' कारभार पाहत होती. शेवटी विलीनीकरणाच्या करारावर सही करायला कुणीतरी शासनप्रमुख हवा, म्हणून बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं तिथलं पंतप्रधान केलं. ऑगस्ट १९६१.

कोकमकढी

एका दिवसाचा पंतप्रधान! _/\_

नकाशेवाला

दप्तरखाना ताई, दंडवत. हेगचा निकाल मी वाचला होता, पण बारा हजारांचा आकडा नजरेतून सुटला होता.

शंकासूर, तुमचा प्रश्न टाळत नाही. यादवी झाली, भयंकर झाली. पण 'स्वातंत्र्य मिळून काय मिळालं' विचारण्याआधी स्वातंत्र्यापूर्वी काय होतं ते बघू. अंगोला-मोझांबिकमध्ये १९६१ पर्यंत माणसांचे कायद्यानेच दोन वर्ग होते. एक नागरिक आणि दुसरे 'देशी'. देशी माणसाला नागरिक व्हायचं तर पोर्तुगीज बोलता-लिहिता यावं, ठरावीक कमाई असावी, वागणं 'सुसंस्कृत' असावं, आणि हे सगळं अर्ज करून सिद्ध करावं. १९५० च्या मोजणीत अंगोलातल्या काळ्या लोकांपैकी शंभरात एकाला सुद्धा हा दर्जा नव्हता. उरलेल्यांना कंत्राटाच्या नावाखाली मळ्यांवर, रस्त्यांवर नेलं जाई. मोझांबिकच्या उत्तरेला कापूस लावायची सक्ती आणि विकायची ती ठरलेल्या कंपनीलाच, तिने ठरवलेल्या भावाने. दक्षिणेतले पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत पाठवले जात. त्यांच्या मजुरीचा काही भाग राखून तो पोर्तुगीज सरकारला सोन्यात मिळे. मजुराला गावी आल्यावर नोटा मिळत. सोनं लिस्बनला राही.

माझ्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. ब्रिटन घाना-केनिया सोडून गेलं तरी ब्रिटिश बँका, कंपन्या, विमा, जहाजं तिथेच राहिली. पोर्तुगालकडे सोडून गेल्यावर मागे ठेवण्यासारखं काही नव्हतंच. जे येत होतं ते सक्तीमुळेच येत होतं. सक्ती गेली की सगळं जाणार. हे गिनी-बिसाऊच्या मुक्तिलढ्याचा नेता अमिल्कार काब्राल याने तेव्हाच मांडलं होतं. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे हुकूमशाही. खरी निवडणूकच नाही, तर युद्धाला कंटाळलेला मतदार सरकार पाडणार कसा? फ्रान्समध्ये अल्जीरियापायी सरकारं पडत होती. लिस्बनमध्ये तोच माणूस १९३२ पासून खुर्चीत.

अंत्रुजी

त्यांची युक्तीही सांगा की. १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून वसाहतींचे 'सागरापारचे प्रांत' केले. १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत आला, तेव्हा विचारलं, तुमच्याकडे स्वशासन नसलेले प्रदेश कोणते? उत्तर : एकही नाही, हे सगळं पोर्तुगालच आहे. गोवा म्हणजे पोर्तुगाल. १९५४ मध्ये पणजीच्या एका मेजवानीत हेच कुणीतरी भाषणात म्हणालं आणि डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी तिथल्या तिथे निषेध नोंदवला. एवढ्यावर अटक आणि पोर्तुगालला रवानगी. नामांकित सर्जन, बायको पोर्तुगीज, तरीही.

डिसेंबर १९६० मध्ये आमसभेने यादीच काढली आणि त्यात गोवाही घातला. तिथे पळवाट संपली.

मापुतोकर

मी कामानिमित्त मोझांबिकला असतो, मूळचा सांगलीकडचा. इथून थोडं.

पहिलं म्हणजे १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा. मालकाचा मालक लिस्बनला, पण मुकादम गोव्याला. त्यामुळे गोव्याची नावं इथे जागोजागी. दीवचे गुजराती गवंडी आणि व्यापारीही पिढ्यान्‌पिढ्या इथे होते.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा गेला त्याचा राग इथे निघाला. भारतीय नागरिकांना पकडून छावण्यांत ठेवलं, दुकानांना टाळी लावली आणि पुढच्या वर्षी बहुतेकांना देशाबाहेर काढलं. गोवा मुक्तीची किंमत कुणीतरी लोरेन्सू मार्किशमध्ये (मापुतोचं तेव्हाचं नाव) दुकान गमावून मोजली, हे आपल्या पुस्तकांत येत नाही.

आता शहराचं सांगतो. कुणाला पत्ता सांगायचा तर असा : कार्ल मार्क्सने सरळ ये, हो चि मिन्हला वळ. रस्त्यांची नावं लेनिन, न्येरेरे, सेकू तुरे, एदुआर्दु मोंडलान. हा मोंडलान म्हणजे मोझांबिकच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फ्रेलिमो संघटनेचा संस्थापक, अमेरिकेत शिकलेला समाजशास्त्रज्ञ. फेब्रुवारी १९६९ मध्ये दार-ए-सलाममध्ये टपालाने आलेलं पुस्तकाचं पार्सल उघडलं, त्यात बाँब होता. जुना पोर्तुगीज किल्ला अजून आहे. चौकातला मोझिन्यू द अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनाधिकाऱ्याचा घोड्यावरचा पुतळा उतरवून त्या किल्ल्याच्या अंगणात आणून ठेवलाय. फोडला नाही. घोडा जमिनीलगत आल्यामुळे शाळेची पोरं त्याच्या पायांशी डबे उघडून बसतात. इथल्या गाझा राज्याच्या ज्या गुंगुन्याना राजाला या मोझिन्यूने १८९५ मध्ये कैद केलं, त्याची शवपेटीही त्याच किल्ल्यात. हद्दपारीत अझोर बेटांवर मेला होता, १९८५ मध्ये अवशेष परत आणले.

आणि एक नाव आपल्याकडच्यांनी लक्षात ठेवावं : आकिनो द ब्रागांसा. बार्देशातला गोंयकार. एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांकाला सगळ्या पोर्तुगीज वसाहतींच्या लढाऊ संघटनांची एकत्र परिषद झाली, त्यात अंगोला, गिनी, मोझांबिकबरोबर गोव्याच्याही संघटना होत्या. आकिनो त्या जाळ्यातला बिनीचा माणूस. पुढे मोझांबिकचा पहिला राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल याचा सल्लागार, इथल्या विद्यापीठात आफ्रिका अभ्यास केंद्राचा प्रमुख. १९ ऑक्टोबर १९८६ ला माशेलचं विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत डोंगरावर कोसळलं, त्यात तोही गेला.

तेरेखोलपार

हे आकिनोचं नाव आजच कळलं. म्हणजे धागाकर्त्यांची 'रांग' बरोबर आहे.

मग मीही एक घालतो : मोहन रानडे. मूळ नाव मनोहर आपटे, तेही सांगलीचेच. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा. लिस्बनजवळच्या काशियाश किल्ल्यात ठेवलं. गोवा सुटला १९६१ ला आणि रानडे सुटले जानेवारी १९६९ ला! मधली सात वर्षं ज्या गोव्यासाठी आत गेले तो स्वतंत्र आणि हे तिकडे कोठडीत. सुटकेसाठी समिती काढली ती सुधीर फडक्यांनी. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपच्या भेटीत विषय काढला. गोव्याचेच स्वातंत्र्यसैनिक तेलो मास्कारेन्यस तर त्यांच्याही नंतर सुटले.

शंकासूर

बरं, वेठबिगारीचं मान्य. पण मग भारताने फौज घातली ते कुठल्या कायद्यात बसतं? सुरक्षा परिषदेत बहुमत आपल्या विरुद्धच होतं.

नकाशेवाला

होतं. सात विरुद्ध चार. भारताने थांबावं, माघार घ्यावी या ठरावाच्या विरोधात सोव्हिएत युनियन, सिलोन, लायबेरिया आणि इजिप्त. सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. चारांतले तीन नवे-जुने आफ्रो-आशियाई देश आहेत, ते बघा. त्यांच्या लेखी वसाहत हेच मुळात सततचं आक्रमण. ऑक्टोबर १९६१ मध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिसंवाद झाला, तिथे आलेल्या आफ्रिकी नेत्यांनी बोलून दाखवलं होतं की तुम्ही गोव्यात थांबलात म्हणून आमच्याकडेही पोर्तुगाल थांबून आहे. नेहरूंवर घरचा दबाव होताच, हा बाहेरचा.

आणि पोर्तुगालचे मित्र? इंग्लंडशी १३७३ पासूनचा तह, जगातला सगळ्यात जुना टिकून असलेला. लंडनने सांगून टाकलं, भारताविरुद्ध फौज मिळणार नाही. अमेरिका सुरक्षा परिषदेत ओरडली आणि गप्प बसली. केनेडी १९६१ च्या सुरुवातीला अंगोलावरून पोर्तुगालविरुद्ध मत देऊन मोकळा झाला होता, पण अझोर बेटांवरच्या लाजेश विमानतळाचा करार १९६२ अखेर संपत होता. मग आवाज बसला. पुढची बारा वर्षं त्या तळावर साम्राज्य तगलं असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

खुद्द गोव्यात सालाझारचा हुकूम असा होता की शरणागती नाही, सैनिक एकतर विजयी होतील किंवा मरतील. निदान आठ दिवस तरी टिका. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा याच्याकडे तीन-साडेतीन हजार माणसं, लढाऊ विमान एकही नाही आणि एक जुनी युद्धनौका. तिचं नाव काय असावं? 'आफोंसो द अल्बुकर्क'. ज्याने १५१० मध्ये गोवा घेतला त्याच्या नावाची नौका मुरगाव बंदरात गोळे खाऊन किनाऱ्याला लागली. बाणस्तारी आणि बोरीचे पूल उडवले, पण गावं नि देवळं-चर्चेस उद्ध्वस्त करत लढायला वासालोने नकार दिला. १९ डिसेंबरच्या रात्री साडेआठला सही केली. त्याचं बक्षीस : कैदी म्हणून काही महिने भारतात, आणि मायदेशी गेल्यावर लष्करातून हकालपट्टी. सन्मान परत मिळाला १९७४ मध्ये.

या हकालपट्टीचा परिणाम नंतर दिसला, असं माझं मत. आफ्रिकेत लढणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने बघून ठेवलं की हरलो तर सरकार हात झटकणार आणि दोष आपल्या नावावर टाकणार.

ट्राम२८

लिस्बनमध्ये राहते, म्हणून पुढचा तुकडा माझा. :)

युद्धं तीन ठिकाणी होती. अंगोला १९६१ पासून, गिनी-बिसाऊ १९६३, मोझांबिक १९६४. सगळ्यात लहान आणि सगळ्यात अवघड गिनी. तिथला काब्राल कृषितज्ज्ञ, लिस्बनमध्येच शिकलेला. सरकारी नोकरीत असताना गिनीची शेतीगणना त्यानेच केली, म्हणजे वाडी न् वाडी सरकारी खर्चाने पालथी घातली, आणि मग त्याच वाड्यांतून चळवळ उभारली. जानेवारी १९७३ मध्ये कोनाक्रीत त्याला मारलं. पण त्याच वसंतात त्याच्या लोकांच्या हाती खांद्यावरून डागायची रशियन क्षेपणास्त्रं आली आणि पोर्तुगीज विमानं पडू लागली. सप्टेंबरात मदिना दु बोए इथे त्यांनी स्वातंत्र्य जाहीरच करून टाकलं.

इथे लिस्बनमध्ये मुलगा अठराचा झाला की आईबापांच्या पोटात गोळा. सक्तीची नोकरी, त्यातली दोन वर्षं आफ्रिकेत. कितीतरी मुलं डोंगर ओलांडून चोरून फ्रान्सला पळाली. पॅरिसच्या बांधकामांवर पोर्तुगीज मजूर दिसतात त्याचं एक कारण हे.

सालाझार ऑगस्ट १९६८ मध्ये खुर्चीवरून पडला, डोक्याला मार लागला. सप्टेंबरात मार्सेलू कायतानू पंतप्रधान झाला, पण म्हाताऱ्याला कुणी सांगितलंच नाही! मंत्री येऊन समोर बसायचे, हा सूचना द्यायचा, ते माना डोलवायचे. जुलै १९७० मध्ये मेला तोवर हे चाललं.

शेवट केला तो कॅप्टन लोकांनी. ठिणगी अगदी कारकुनी होती : १९७३ चा एक आदेश, ज्यामुळे सक्तीच्या भरतीतले अधिकारी छोटा अभ्यासक्रम करून कायम अधिकाऱ्यांच्या बरोबरीला, कधी पुढेही जाणार होते. बढतीच्या तक्रारीसाठी जमले आणि बोलता बोलता युद्धावर आले, तिथून राजवटीवर. २५ एप्रिल १९७४ ला रेडिओवर ठरलेली गाणी वाजली आणि तुकड्या निघाल्या. कॅप्टन साल्गेरू माया याचा ताफा शहरात शिरताना लाल सिग्नलला थांबला, असं इथे सगळे हसून सांगतात. त्या दिवशी एका उपाहारगृहाचा पहिला वाढदिवस होता, गिऱ्हाइकांना द्यायला लाल फुलं आणलेली. बंडामुळे ते उघडलंच नाही. मालकाने फुलं कामगारांना वाटली. तिथली एक बाई घरी निघाली, वाटेत एका शिपायाने सिगारेट मागितली. सिगारेट नव्हती, फूल दिलं. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचलं. कार्नेशन क्रांती म्हणतात ती ही.

माणसं मेली ती गुप्त पोलिसांच्या गोळीबारात, चार.

मापुतोकर

आणि पुढचं दीड वर्ष! गिनीला मान्यता सप्टेंबर १९७४, मोझांबिक २५ जून १९७५, केप व्हर्द आणि साओ तोमे जुलैत, अंगोला ११ नोव्हेंबर. पाचशे वर्षांचा बाडबिस्तरा असा गुंडाळला.

अंगोलात तर सत्ता द्यायची कुणाला हेच ठरेना. तीन संघटना एकमेकांवर तुटून पडल्या होत्या, दक्षिणेतून दक्षिण आफ्रिकेची फौज, उत्तरेतून झाईरची (आताचा काँगो), आणि क्यूबाचे सैनिक उतरत होते. शेवटच्या पोर्तुगीज उच्चायुक्ताने सत्ता 'अंगोलाच्या जनतेकडे' देतो असं जाहीर केलं, झेंडा घडी केला आणि तो जहाजावर चढला. सोहळ्याला एकही अंगोली पुढारी नाही. शंकासूर, यादवीचा हिशोब करायचा तर हे पानही उघडा.

इथून निघताना पोर्तुगीजांनी लिफ्टच्या भोकांत सिमेंट ओतलं असं मापुतोत सर्रास सांगतात. प्रत्येक इमारतीबद्दल ऐकू येतं, त्यामुळे मी अर्धंच धरतो.

ट्राम२८

आफ्रिकेतून पाच लाखांहून जास्त लोक वर्षभरात इकडे आले. बेलेंच्या दर्यावर्दी स्मारकाभोवती त्यांच्या लाकडी पेटाऱ्यांचे ढीग लागलेले, त्याचे फोटो इथे प्रसिद्ध आहेत. वर दगडात कोरलेला वास्को द गामा, खाली परत आलेले फ्रिज नि शिवणयंत्रं. दीवची बरीच मंडळीही तेव्हाच मोझांबिकहून इथे आली. लिस्बनमध्ये राधाकृष्णाचं देऊळ आहे ते त्यांच्यामुळे.

वऱ्हाडी_ठेचा

सगळं खरं, पण मग १९६७ च्या कौलात गोवेकरांनी महाराष्ट्राला नकार का दिला? ३४ हजारांच्या फरकाने...

अंत्रुजी

आलं का ते! बाबा रे, त्यावर चारशे प्रतिसादांचा जुना धागा आहे. तिथे ये, सोलकढी पाजतो आणि भांडतो.

दप्तरखाना

मूळ विषयाला धरून एक तारीख. पोर्तुगालने गोव्यावरचा भारताचा हक्क कागदावर मानला तो ३१ डिसेंबर १९७४ ला. तोवर लिस्बनच्या लेखी गोवा हा शत्रूने व्यापलेला प्रांत होता. सह्या कुणाच्या? त्यांच्याकडून परराष्ट्रमंत्री मारियू सुआरिश, जो स्वतः सालाझारच्या तुरुंगात राहून आलेला. आपल्याकडून परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. दादरा-नगर हवेलीचंही नाव त्या तहात आहे, म्हणजे १७७९ च्या त्या बारा हजारांच्या खात्यावर काट मारली ती कऱ्हाडच्या माणसाने.

नकाशेवाला

ताई, हे वाचून खुर्चीतून उठलो.

ज्यांनी मकावचं व्यक्तिगत निरोपात विचारलं त्यांच्यासाठी : १९७४ नंतर लिस्बन मकावही द्यायला निघालं होतं, चीन म्हणाला आत्ता नको. हाँगकाँगचं ठरेपर्यंत त्यांना तिथे गडबड नको होती. हस्तांतर झालं २० डिसेंबर १९९९ ला. पूर्व तिमोरचं नशीब वाईट. नोव्हेंबर १९७५ च्या अखेरीला तिथल्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, ७ डिसेंबरला इंडोनेशियाची फौज उतरली, आणि खरं स्वातंत्र्य मिळालं मे २००२ मध्ये. एका वसाहतीतून सुटून शेजारच्या, स्वतः डचांपासून सुटलेल्या देशाच्या टाचेखाली. यावर वेगळा धागा व्हायला हवा, कुणी लिहिणार असेल तर मी नकाशे पुरवतो.

कोकमकढी

एक बाळबोध शंका. मग आता गोव्यातले लोक पोर्तुगीज पासपोर्ट कसा काढतात?

अंत्रुजी

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा-दमण-दीवमध्ये जन्मलेला माणूस त्यांच्या कायद्याने पोर्तुगीज नागरिक म्हणून नोंद मागू शकतो, आणि त्याची मुलं-नातवंडंही. जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती दफ्तरात चढवावी लागते. एकदा पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, मतदार यादीतलं नावही, त्यावरून इथे निवडणुकांत दरवेळी रणं माजतात. बरेचजण त्या पासपोर्टावर इंग्लंडात स्विंडनला गेले.

जुने दाखले हाताने लिहिलेले, पोर्तुगीजमध्ये, शाई उडालेली. आजोबांच्या ओळखीतले एक निवृत्त कारकून ते वाचून, लावून द्यायचे. पंचाऐंशी वर्षांचे होते आणि दाराशी सकाळपासून रांग. ब्रेक्झिट व्हायच्या आधी तर नंबर लावावा लागे.